काचेच्या धाग्यांची करामत

घरात कालचं वर्तमानपत्र असेलच. (आजचं नको! आजोबांचं वाचून झालेलं नसलं तर उगाच बोलणी खावी लागतील.) त्याचं एक पान वरून खाली फाडा. मग दुसरं पान घ्या आणि ते डावीकडून उजवीकडे फाडा.

काय दिसलं? एका दिशेनं कागद कसा पट्टी लावल्यासारखा सरळ फाटत जातो. दुसऱ्या दिशेनं मात्र तो मुळीच ऐकत नाही. फाटण्याची रेघ भलतीकडेच वळते, कडा दातेरी होतात. कागद तोच, हातही तेच. मग असं का व्हावं?

कागद म्हणजे लाकडाच्या बारीक बारीक तंतूंचा थर. कारखान्यात पातळ लगदा धावत्या जाळीवर पसरतात, तेव्हा बरेचसे तंतू जाळी ज्या दिशेनं धावते त्याच दिशेला तोंड करून बसतात. त्यांच्या बाजूबाजूनं फाडत गेलं की वाट मोकळी मिळते. त्यांना ओलांडून जायचं म्हटलं, की ते आडवे येतात. म्हणजे कागदाचं बळ सगळीकडे सारखं नसतं. ज्या दिशेला तंतू, त्या दिशेला बळ.

ही गोष्ट मनात पक्की धरून ठेवा. कोकणातल्या मच्छीमाराची फायबरची होडी, बांबूउडीच्या खेळाडूचा पोल, पोलिओ झालेल्या मुलाच्या पायाचा आधार, साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्कीचं पातं, या सगळ्यांशी आज आपली गाठ पडणार आहे. आणि त्या सगळ्यांचं मर्म या फाटलेल्या कागदात आहे.

कुडाची भिंत आणि काचेचा दोरा

दोन वेगवेगळे पदार्थ एकत्र आणायचे, पण ते एकमेकांत विरघळू द्यायचे नाहीत. दोघांनी आपापला गुण राखायचा आणि दुसऱ्याची उणीव भरून काढायची. अशा जोडीला 'संमिश्र पदार्थ' किंवा 'कॉम्पोझिट' म्हणतात. नाव नवं असलं तरी कल्पना आपल्या पणजीलाही ठाऊक होती. भिंत लिंपायची माती कालवताना तिच्यात भुसा नाहीतर गवताची कुट्टी घालतात, ती कशाला? नुसती माती वाळली की तडकते. गवताच्या काड्या ती तडक पुढे सरकू देत नाहीत. कुडाची भिंत त्याच जातीची. आत काठ्या-कामट्या, वरून मातीचा लेप. कामट्या ताण घेतात, माती त्यांना जागच्या जागी धरून ठेवते.

निसर्ग तर या विद्येतला महागुरू! कापलेल्या बांबूचं टोक कधी निरखून पाहा. त्यात गडद ठिपके दिसतील. ते तंतूंचे जुडगे. बाहेरच्या सालीकडे ते दाट असतात आणि आतल्या बाजूला विरळ. वाऱ्यात बांबू वाकतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या भागावर येतो, म्हणून तंतूही तिथंच जास्त. आहे की नाही हिशेबी काम?

माणसानं पुढे काय केलं, तर गवताच्या जागी काचेचा धागा घेतला आणि मातीच्या जागी राळ. झाडाची राळ नव्हे बरं का! रसायनांपासून बनवलेली, मधासारखी दाट राळ. कारखान्यात तिला रेझिन म्हणतात.

'काच? आणि मजबूत?' तुम्ही म्हणाल, 'आमच्या घरी तर पेला हातातून सुटला की ठिकऱ्या!' शंका रास्त आहे. तिचं उत्तर ए. ए. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज अभियंत्यानं १९२० च्या सुमारास शोधून काढलं. त्यानं काच वितळवून तिचे धागे ओढले आणि ते ताणून तोडून पाहिले. धागा जितका बारीक, तितकी त्याच्या जाडीच्या मानानं ताकद जास्त! काच मुळात दुबळी नसतेच. तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात आणि तिथून तडा सुरू होतो. जाड काचेत मोठ्या ओरखड्याला भरपूर जागा. बारीक धाग्यात मोठा ओरखडा मावणारच कुठे?

शिवाय धागे असतात हजारो. सुतळीचा एक धागा तुटला म्हणून सुतळी तुटत नाही. तसंच इथं एक धागा तुटला तर तडा तिथंच थांबतो आणि राळ त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या धाग्यांवर सोपवते. राळ एकटी असती तर ठिसूळ ठरली असती. धागे एकटे असते तर केसांच्या गुंत्यासारखे लोंबत राहिले असते. दोघं मिळून मात्र होडी होते.

आधी घरातली होडी

होडीच्या कारखान्यात जाण्याआधी घरीच एक वाडगा करू. एक गुळगुळीत वाडगा पालथा घाला आणि त्याला बाहेरून तेलाचा हात फिरवा. मैद्याची खळ शिजवून घ्या. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या फाडा, खळीत बुडवा, जादा खळ निपटून काढा आणि एकेक पट्टी वाडग्यावर चिकटवत जा. पहिला थर उभा, दुसरा आडवा, तिसरा तिरका. असे आठ-दहा थर द्या. प्रत्येक पट्टी मधून कडेकडे बोटानं दाबत न्या, म्हणजे खाली अडकलेली हवा निघून जाईल. दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या आणि मग अलगद सोडवा.

आता दुसरा वाडगा करा, पण या वेळी सगळ्या पट्ट्या एकाच दिशेनं लावा. वाळल्यावर दोन्ही वाडगे कडांना धरून दोन्ही बाजूंनी दाबून बघा. दुसरा कुठे चिरतो, ते मी सांगत नाही. तुम्हीच पाहा.

होडी अशीच होते. फक्त वाडग्याच्या जागी होडीच्या आकाराचा साचा असतो, आणि तो पालथा नसून उताणा असतो. होडी त्याच्या पोटात घडते, म्हणजे तिची बाहेरची बाजू गुळगुळीत येते. साच्याला तेलाऐवजी मेण चोळून चोळून चकचकीत करतात. मेण लावायला कंटाळलात, तर होडी साच्याला कायमची चिकटून बसते! मग त्यावर रंगीत राळेचा पातळ थर देतात. त्याला जेलकोट म्हणतात. बंदरावरची निळी-पांढरी होडी दिसते ना, तो रंग पुष्कळदा वरून फासलेला नसतो. तो या जेलकोटचा असतो, म्हणजे सगळ्यात आधी लागलेला.

मग येते मॅट. काचेचे बोटभर लांबीचे तुकडे विस्कटून दाबलेली पांढरी चादर, दिसायला गोधडीतल्या कापसासारखी. ती साच्यात पसरायची, ब्रशनं राळ पाजायची आणि खाचांचा रोलर फिरवायचा. राळ भिनली की पांढरी चादर बघता बघता पारदर्शक होते. मॅटच्या तुकड्यांची तोंडं सगळ्या दिशांना असतात, म्हणून तिचं बळ सगळीकडे सारखं, पण बेताचं. त्यावर जाड धाग्यांचं विणलेलं कापड घालतात. त्याला रोव्हिंग म्हणतात. त्याचे धागे उभे-आडवे, लांबच लांब. खरा भार तेच उचलतात. मग पुन्हा मॅट, पुन्हा कापड. तळाला थर जास्त, काठाला कमी, जिथं इंजिन बसणार तिथं आणखी जास्त.

हे सगळं घड्याळ बघत करावं लागतं. राळेत हार्डनर मिसळलं की तिची घटका भरत येते. अर्ध्या-पाऊण तासात ती आळू लागते आणि आळताना गरम होते. हार्डनर थोडं जास्त पडलं तर डब्यातच राळेचा दगड! कमी पडलं तर दुसऱ्या दिवशीही हाताला चिकटतं. उन्हाळ्यातलं प्रमाण पावसाळ्यात चालत नाही. हे कागदावर शिकता येतं, पण कामाला लागतो तो सवयीचा हात.

(आणि हो, हा खरा राळेचा प्रयोग घरी करायचा नाही. तिची वाफ डोक्यात जाते आणि काचेची कुसं अंगात घुसून खाज आणतात. कारीगर हातमोजे आणि नाकावर मास्क लावूनच हे काम करतात, निदान त्यांनी तसं करायला हवं. आपली खळ बरी!)

आता एक मजेची गोष्ट लक्षात आली का? सुतार फळी विकत आणतो आणि तिची होडी करतो. फळी आधीच तयार असते. लोहाराचं लोखंडही तयार असतं. इथं मात्र होडी तयार होते त्याच क्षणी तिचा पदार्थही तयार होतो. त्याआधी होतं काय, तर एक कापडाचं गुंडाळं आणि एक डबा. म्हणून होडीचा आकार ठरवणाऱ्यालाच पदार्थही ठरवावा लागतो. कुठे किती धागे आणि कोणत्या दिशेनं, हे सगळं आधी. ही सोय आहे आणि जबाबदारीसुद्धा. लाकूड चांगलं नव्हतं, असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

यातली आणखी एक युक्ती पाहायची असेल तर खोक्याचा पुठ्ठा कापून बघा. दोन कागद आणि मध्ये नागमोडी पोकळी. वजन नाममात्र, पण ताठ किती! दोन मजबूत कातड्या एकमेकींपासून दूर ठेवल्या की वस्तू वाकायला तयार होत नाही. गोव्यात बांधलेली भारतीय नौदलाची 'तारिणी' ही शिडाची नौका याच तत्त्वावर आहे. मध्ये लाकूड आणि दोन्ही अंगांना काचतंतूंचे थर. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी याच नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. २०२४-२५ मध्ये दोघीच जणी पुन्हा तिच्यातूनच जाऊन आल्या.

बांबूउडीतला बांबू गेला

पोल व्हॉल्टला आपल्याकडे बांबूउडी म्हणतात. नाव खोटं नाही. एके काळी खेळाडू खरोखरच बांबू घेऊन उडी मारत. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमनं १९४२ मध्ये बांबूवर ४.७७ मीटरची उडी मारली. पुढे धातूचे पोल आले. १९६० मध्ये डॉन ब्रॅगनं धातूच्या पोलवर विक्रम केला, तो ४.८० मीटर. म्हणजे अठरा वर्षांत प्रगती किती, तर तीन सेंटिमीटर!

१९६१ मध्ये जॉर्ज डेव्हिसनं काचतंतूंचा पोल घेऊन ४.८३ मीटर ओलांडले आणि विक्रमांचं धरणच फुटलं. १९६४ मध्ये फ्रेड हॅन्सननं ५.२८ मीटरपर्यंत मजल मारली. चार वर्षांत जवळजवळ अर्धा मीटर. 'ही उडी आहे की गोफण?' असं म्हणत नाकं मुरडणारेही होतेच. (खाली पडायला भुश्याच्या ढिगाऐवजी मऊ गाद्या आल्या, त्याचाही यात वाटा आहे. पाठ मोडायची भीती नसली की माणूस उंच जातो!) स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिसनं सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत ६.३० मीटर उडी मारली.

नव्या पोलमध्ये काय वेगळं होतं? तो जास्त कडक नव्हता. उलट तो धनुष्यासारखा वाकायचा, भरपूर वाकायचा, तरी मोडायचा नाही. खेळाडू धावत येतो ती ताकद पोल वाकण्यात साठते आणि सरळ होताना पोल ती परत करतो, नेमकी वरच्या दिशेनं.

असा पोल करायला राळ भिनवलेलं काचेचं कापड धातूच्या लांब दांड्यावर गुंडाळतात, भट्टीत तापवून पक्कं करतात आणि मग दांडा ओढून काढतात. राहते ती पोकळ नळी. पण कापड गुंडाळताना सगळी विद्या पणाला लागते. बरेचसे धागे लांबीच्या दिशेनं हवेत, कारण वाकण्याचा ताण तेच घेतात. पण सगळे लांबीनं घातले, तर वाकताना नळी चेपेल. शीतपेयाची नळी वाकवल्यावर चपटी होऊन दुमडते ना, तशीच. म्हणून काही धागे गोल वेढ्यांनीही हवेत. पोल सगळीकडे सारखा वाकूनही चालत नाही. त्यासाठी मधल्या भागावर कापडाचा एक खास कापलेला तुकडा जास्तीचा गुंडाळतात. चाळीस किलोच्या मुलीचा पोल आणि ऐंशी किलोच्या माणसाचा पोल, दोन्ही एकाच मापाचे दिसले तरी आतली गुंडाळण वेगळी. म्हणून पोलवर खेळाडूचं वजन लिहिलेलं असतं. तीच काच, तशीच राळ. बदललं ते फक्त धाग्यांचं गणित.

पायातले तीन किलो

पोल वाकायला हवा होता. आता जी वस्तू पाहू, ती वाकता कामा नये.

आज तुमच्या वर्गात पोलिओनं पाय अधू झालेला मुलगा बहुधा नसेल. आपल्या देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. पण त्याआधी अशी मुलं गावोगावी होती. पोलिओनं मांडीचे स्नायू दुबळे झाले की उभं राहताना गुडघा अचानक दुमडतो आणि मूल कोसळतं. त्यावर उपाय म्हणजे कॅलिपर. मांडीपासून पावलापर्यंत दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, कातडी पट्टे आणि खाली जड बूट. गुडघा दुमडू नये म्हणून तिथं अडसर. त्याचं वजन तीन किलोच्या वर जायचं. ते केवढं, हे कळायला पायाला तीन किलो तांदळाची पिशवी बांधून घरातल्या घरात दहा फेऱ्या मारा.

त्या काळात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हैदराबादला क्षेपणास्त्रांचं काम पाहत होते. 'अग्नी'ची पहिली चाचणी २२ मे १९८९ रोजी झाली. क्षेपणास्त्राचं टोक अवकाशातून परत वातावरणात शिरताना हजारो अंश तापतं, म्हणून त्यासाठी कार्बनच्या तंतूंचं हलकं आणि उष्णता सोसणारं कवच बनवलं होतं. पुढची हकीगत कलाम अनेकदा सांगत. हैदराबादच्याच निझाम इन्स्टिट्यूटमधले एक अस्थितज्ज्ञ त्यांच्या प्रयोगशाळेत आले. त्यांनी तिथला पदार्थ हातात घेऊन पाहिला आणि त्याच्या हलकेपणानं ते चकित झाले. ते कलामांना आपल्या रुग्णालयात घेऊन गेले आणि जड कॅलिपर ओढत चालणारी मुलं त्यांना दाखवली. तीन आठवड्यांत कलामांच्या सहकाऱ्यांनी नवा आधार करून दिला. वजन सुमारे तीनशे ग्रॅम.

ही गोष्ट सांगताना पुष्कळजण इथंच थांबतात. 'हलका पदार्थ वापरला, वजन कमी झालं,' एवढंच. पण खरी गंमत पुढेच आहे. नवा आधार म्हणजे जुन्याच कॅलिपरची हलकी नक्कल नव्हती. तो गुडघ्याच्या खालीच संपत होता! मग गुडघा सरळ कोण ठेवणार?

जमीन! त्या आधाराचं नावच 'फ्लोअर रिॲक्शन ऑर्थोसिस', म्हणजे जमिनीच्या उलट्या रेट्यावर चालणारा आधार. आपण पाऊल टेकवतो तेव्हा जितक्या जोरानं आपण जमीन दाबतो, तितक्याच जोरानं जमीनही आपल्याला वर रेटते. न्यूटनचा तिसरा नियम, पुस्तकात पाठ केलेला. आता समजा घोटा एका कडक कवचात बसवला आणि त्याला हलूच दिलं नाही. पुढच्या चवड्यावर भार आला की जमिनीचा रेटा चवड्यातून वर येतो. घोटा जखडलेला असल्यामुळे नडगी पुढे झुकू शकत नाही. उलट, गुडघ्याच्या जरा खाली नडगीवर टेकलेला कवचाचा भाग तिला मागे ढकलतो. नडगी मागे गेली की गुडघा आपोआप ताठ होतो. दुबळ्या स्नायूंचं काम जमिनीनंच केलं!

आता या आधाराकडून काय काय हवं ते मोजा. घोट्यापाशी तो जरासुद्धा वाकला तर सगळा डाव फसला. कारण मग रेटा नडगीपर्यंत पोचतच नाही. तिथं ताठपणा हवा. चवड्यापुढे मात्र थोडं वाकलं तर चालणं सोपं. कडा कातडीला लागू नयेत. आणि हे सगळं सपाट पट्टीत नव्हे, तर पायाच्या वेड्यावाकड्या आकारात. शिवाय दर मुलाचा पाय वेगळा आणि तोही वाढता. गेल्या वर्षीचा आधार यंदा होत नाही.

म्हणून असे आधार करायला पायाभोवती प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतात. त्यात प्लास्टर ओतलं की पायाची हुबेहूब प्रतिकृती मिळते. तिच्यावर आधार घडवतात, आपण वाडग्यावर कागद चढवला तसाच. धातूची पट्टी ठोकून असा आकार द्यायचा तर दिवस जातील आणि वजन वाढेल ते वेगळंच. इथं आकार साचा देतो आणि बळ धागे देतात.

मडकं वाजवून घ्या

माठ विकत घेताना आई तो टिचकी मारून का पाहते? टणटण वाजला तर पक्का, भद्द वाजला तर कुठेतरी चीर. काचतंतूंच्या किंवा कार्बनतंतूंच्या वस्तूही अशाच तपासता येतात. विमानाच्या पंख्यावर नाणं नाहीतर छोटी हातोडी हळू हळू वाजवत जाणारा तंत्रज्ञ हेच करत असतो. दोन थर एकमेकांपासून सुटले असतील तिथं आवाज बसका येतो. आता तर ध्वनिलहरींची यंत्रंही असतात. तुमच्या कागदी वाडग्यावरही टिचक्या मारून पाहा. जिथं हवा राहिली असेल ती जागा लगेच सापडेल.

हे का करावं लागतं? धातू बहुधा मोडण्याआधी पोचतो, वाकतो, इशारा देतो. थरांचा पदार्थ बाहेरून चकचकीत राहून आतून सुटू शकतो. वरून काहीच कळत नाही.

रोल्स-रॉइस या नामांकित ब्रिटिश कंपनीनं १९६० च्या दशकात विमानाच्या इंजिनासाठी कार्बनतंतूंची पाती बनवली होती. वजनाला हलकी, ताणाला भक्कम. सगळ्या चाचण्या पार पडत गेल्या आणि १९७० मध्ये पाळी आली पक्ष्याच्या धडकेची. या चाचणीत मेलेली कोंबडी वेगानं फिरत्या पात्यांवर मारतात. हसू नका, विमानाला पक्षी धडकतात ते खरंच. पात्यांच्या चिंधड्या झाल्या. धागे ताणासाठी मांडलेले होते, आणि तडाखा आला आडवा. आपला कागद आठवला का? शेवटी कंपनीला टायटॅनियम धातूची पाती घ्यावी लागली. खर्च हाताबाहेर गेलेलाच होता. फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि सरकारनं ती ताब्यात घेऊन वाचवली. पण विद्या फुकट गेली नाही. १९९५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचं कार्बनतंतूंच्या पात्यांचं इंजिन प्रवासी विमानात आलं. त्या पात्यांच्या पुढच्या धारेला टायटॅनियमचं चिलखत होतं.

दुसरी हकीगत मात्र जिवावरची आहे. १८ जून २०२३ रोजी 'टायटन' नावाची छोटी पाणबुडी बुडालेल्या 'टायटॅनिक' जहाजाचे अवशेष दाखवायला पाच जणांना घेऊन अटलांटिक महासागरात उतरली. त्यांतला एक तरुण अवघा एकोणीस वर्षांचा होता. पाणबुडी वाटेतच चिरडली गेली. पाचही जण गेले.

टायटनचं नळकांडं कार्बनतंतूंचं होतं, सुमारे तेरा सेंटिमीटर जाडीचं. 'टायटॅनिक' पडलं आहे ते सुमारे ३८०० मीटर खोल. तिथं दर चौरस सेंटिमीटरवर पावणेचारशे किलोहून जास्त दाब असतो. आता विचार करा. दोरी ओढता येते. दोरी ढकलता येते का? तंतू ताणात बहाद्दर असतात, पण दाबात त्यांना राळेचा आधार लागतो, आणि तो आधार सगळीकडे निर्दोष असावा लागतो. टायटनचं नळकांडं एकेक इंचाच्या पाच थरांनी बनवलं होतं. थरांत सुरकुत्या आल्या, तेव्हा त्या घासून सपाट केल्या आणि वर पुढचा थर चढवला. सुरकुती घासली म्हणजे धागाही कापला गेला! अपघातानंतर अमेरिकेच्या तपासनिसांना त्या नळकांड्यात सुरकुत्या, छिद्रं आणि पोकळ्या सापडल्या. जुलै २०२२ मधल्या एका फेरीनंतर पाणबुडीतून मोठा आवाजही ऐकू आला होता. थर सुटल्याची ती खूण होती, असं तपासात ठरलं. जाणकारांनी २०१८ मध्येच धोक्याचं पत्र लिहिलं होतं, आणि कुठल्याही स्वतंत्र संस्थेकडून ही पाणबुडी तपासून घेतलेली नव्हती. मडकं आपण होऊन वाजलं होतं. ऐकणाऱ्यांनी ऐकलं नाही, आणि याला मी अपघात म्हणायला तयार नाही.

आणि म्हातारपणी?

एक प्रश्न तुम्ही विचारायच्या आधी मीच विचारतो. अशी वस्तू जुनी झाली की तिचं काय करायचं? लोखंडी होडी भंगारवाला घेऊन जातो, वितळवतो. लाकडी होडीचं सरपण होतं. फायबरची होडी मात्र कोणी नेत नाही. एकदा आळलेली ही राळ पुन्हा वितळत नाही आणि तिच्यातून काचेचे धागे सुटे करणं महाकठीण. जो गुण होडीला पावसापाण्यात टिकवतो, तोच मग डोईजड होतो.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या फिरतात. त्यांची ती लांबलचक पातीही काचतंतू आणि राळेचीच. पवनचक्कीचं आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षांचं. जर्मनीत अशी जुनी पाती तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत घालतात. राळ जळून उष्णता देते आणि काच सिमेंटमध्ये मिसळून जाते. पुन्हा सुटी करता येईल अशी राळ बनवण्याचे प्रयोगही चालू आहेत. आणि नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात काय केलं आहे ठाऊक आहे? निकामी झालेल्या पात्यांचे मोठमोठे तुकडे कापून, रंगवून त्यांचं मुलांसाठी खेळाचं मैदान केलं आहे. पाती आतून पोकळ, त्यामुळे एका टोकानं शिरायचं आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडायचं!